बाळाचा श्वास, बाळाची झोप: आईबाबा आणि आजी नेहमी विचारतात ते प्रश्न

तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवताना दोन प्रश्न सतत कानावर येतात. एक मोठ्याने विचारला जातो: "सर्दीच आहे ना डॉक्टर, की डबा झालाय?" (डबा म्हणजे बाळाचा न्यूमोनिया.) दुसरा दारातून परत फिरताना, हळू आवाजात: "आमच्या नणंदेचं बाळ रात्री दूध पिऊन झोपलं ते सकाळी उठलंच नाही. असं कशानं होतं हो?" हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरंही एकत्रच देते आहे. इथे बाळ म्हणजे वर्षाच्या आतलं मूल.

सिड्स म्हणजे नेमकं काय?

वर्षाच्या आतलं, वरकरणी धडधाकट बाळ झोपेत दगावतं. नंतर शवविच्छेदन होतं, बाळ झोपलं होतं ती जागा तपासली जाते, आधीच्या आजारपणाची सगळी विचारपूस होते आणि तरीही कारण सापडत नाही. अशा मृत्यूला सिड्स (सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम, म्हणजे बाळाचा अचानक मृत्यू) म्हणतात. हे नाव १९६९ साली अमेरिकेत सिएटलच्या परिषदेत ठरलं. हा न्यूमोनियासारखा एखादा आजार नव्हे. सगळं शोधूनही हाती काही लागलं नाही, याची ती नोंद आहे. त्यामुळे शोधच घेतला नसेल तर हे नाव देता येत नाही.

सर्वाधिक धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात असतो. दहातले नऊ मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली किंवा कमी वजनाची बाळं बरीच जास्त.

का होतं, याचं सध्याचं सर्वांत पटणारं उत्तर १९९४ मध्ये मांडलं गेलं. तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. बाळाच्या मेंदूत, श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या भागात आधीपासून काही उणीव असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. बाळ वाढीच्या नाजूक महिन्यांत असतं. आणि त्याच वेळी बाहेरून एखादा ताण येतो: पालथी झोप, तोंडावर आलेलं पांघरूण, अति ऊब, धूर, सर्दी. एरवी श्वास कोंडला की बाळ दचकतं, मान फिरवतं, रडतं. या बाळाला ती जाग येत नाही. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी बरीचशी आहे.

मग आपल्याकडे "अचानक" गेलेली सगळी बाळं सिड्सचीच का?

नाही. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. घरी दगावलेल्या बाळांचं शवविच्छेदन आपल्याकडे क्वचितच होतं. "अचानक गेलं" असं सांगणाऱ्या घरात मी शांतपणे बसून आदल्या दोन दिवसांबद्दल विचारते, तेव्हा पुष्कळदा उत्तर येतं: "काल दिवसभर अंगावर ओढत नव्हतं." "कण्हल्यासारखं करत होतं." "नुसतं पडून होतं, आम्हाला वाटलं शांत झोपलंय." हा सिड्स नव्हे. अशा बाळाला बहुतेक वेळा न्यूमोनिया झालेला असतो किंवा रक्तात जंतुसंसर्ग गेलेला असतो. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला की खोकला येईलच असं नाही, तापही येईलच असं नाही. बाळ फक्त भराभर श्वास घेतं आणि दूध सोडतं. खरा सिड्स पाहणाऱ्याला कुठलीच खूण देत नाही, न्यूमोनिया देतो. म्हणून या दोहोंची गल्लत होऊ नये.

श्वास मोजायचा कसा?

बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा खोटा येतो. झबलं छातीपर्यंत वर घ्या. दिवा लावा, नाहीतर बाळाला खिडकीजवळ उजेडात ठेवा. छाती न बघता बेंबीच्या वरचं पोट बघा, तान्ह्या बाळाचा श्वास तिथे स्पष्ट दिसतो. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास झाला. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळं कधी भरभर तर कधी सावकाश श्वास घेतात आणि हिशेब चुकतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, याला जलद श्वास म्हणायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा साठ किंवा जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर त्याच वेळी निघा, सकाळची वाट बघू नका.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक आजी दीड महिन्याच्या नातवाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आल्या. ताप नाही, खोकला नाही. "डॉक्टर, ह्याचं पोट नुसतं उडतंय," एवढीच त्यांची तक्रार. दुपटं सोडलं तर बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. आम्ही दोघींनी मिळून मोजलं. आजी बोटांच्या पेरांवर दहा-दहा मोजत होत्या. आकडा आला चौऱ्याहत्तर. बाळ आठ दिवस दवाखान्यात राहिलं आणि बरं होऊन घरी गेलं. त्या आजींना अक्षरओळख नाही.

ही काही नवलाची गोष्ट नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना हेच शिकवलं. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मणी आणि मिनिटभराची वाळूची घटिका जोडून एक साधं यंत्र तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले, आणि तो अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. न्यूमोनिया ओळखायला आधी एक्स-रे लागत नाही, एक मिनिट लागतं, हे सगळ्या जगाला पटवून देण्यात आपल्या एका जिल्ह्याचा मोठा वाटा आहे.

आकड्याशिवाय आणखी काय बघायचं?

श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे. नाकपुड्या फुलणे. प्रत्येक श्वासाला कण्हण्याचा आवाज. ओठ किंवा जीभ निळसर पडणे. दूध ओढायचं सोडणे किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकणे. आकडी. हलवूनही नीट जाग न येणे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग गरम लागणे जितकं धोक्याचं, तितकंच गार पडणेही. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं आणि तिथले उपचार मोफत आहेत. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका.

नाक चोंदल्यामुळे होणारी घरघर वेगळी. बाळ हसतंय, ओढून दूध पितंय, श्वासाचा आकडा ठीक आहे आणि फक्त नाकातून आवाज येतो, तर दूध पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. औषधाच्या दुकानात ते तयार मिळतात. तेवढं पुरतं.

झोपेत बाळाचा श्वास मधेच थांबतो. हे धोक्याचं आहे का?

तान्ही बाळं भराभर पाच-सात श्वास घेतात, मग काही सेकंद थांबतात, मग पुन्हा सुरू करतात. थांबणं दहा सेकंदांपेक्षा कमी असेल आणि रंग बदलत नसेल, तर ते वयाला धरूनच आहे. वीस सेकंदांहून अधिक थांबलं, किंवा थांबताना बाळ निळं, पांढरं अथवा लुळं पडलं, तर लगेच दवाखाना. नंतर बाळ अगदी चांगलं खेळायला लागलं तरीही दाखवाच.

साध्या सर्दीमुळे सिड्स होतो का?

एकट्या सर्दीमुळे नाही. सर्दी सगळ्याच बाळांना होते. पण दोहोंचा काहीच संबंध नाही असंही म्हणता येत नाही. सिड्समध्ये गेलेल्या अनेक बाळांना आधीच्या दिवसांत बारीकसा सर्दी-खोकला होता, आणि शवविच्छेदनात श्वासमार्गावर किंचित सूज सापडते. तेवढ्याने मृत्यूचं कारण सिद्ध होत नाही. खरी गोम पुढे आहे. सर्दी झालेलं बाळ पालथं झोपवलं किंवा जाड पांघरुणात गुरफटलं, की धोका कितीतरी पटीने वाढतो. तान्हं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं. ते नाक चोंदलेलं, तोंड गादीत, आणि आपणच सोडलेली शिळी हवा पुन्हा आत घेतली जाते. आपल्याकडे तर सर्दी झाली रे झाली की कुंची, मोजे, स्वेटर, वर गोधडी, आणि "पालथं ठेवलं की कफ सुटतो" हा सल्ला ठरलेला. सर्दीच्या रात्री नेमकं याच्या उलट वागायला हवं.

असे काही श्वसनाचे आजार आहेत का, ज्यांत बाळाचा श्वास खरंच अचानक थांबतो?

मुख्यतः दोन आहेत, आणि दोन्ही बहुधा घरातल्या मोठ्यांकडून बाळाला मिळतात.

डांग्या खोकला मोठ्यांना महिनाभर रेंगाळणाऱ्या कोरड्या खोकल्यासारखा भासतो. दोन महिन्यांच्या बाळाला तो झाला तर ओळखीचा 'हूप' आवाज येतच नाही, थेट श्वास थांबतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातली पेंटाव्हॅलेंट लस (पाच आजारांवरची एकत्र लस) त्यासाठीही आहे. त्याआधीचे दीड महिने बाळ उघड्यावर असतं. म्हणून गरोदरपणाच्या २७ ते ३६ व्या आठवड्यात आईला टीडॅप लस देतात, ती परदेशात सर्रास आणि आपल्याकडे बहुतेक खासगी दवाखान्यांत मिळते. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरा आरएसव्ही. मोठ्यांना नुसती सर्दी, बाळाच्या बारीक श्वासनलिकांना मात्र सूज. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या तान्ह्या बाळात खोकल्याच्याही आधी श्वास थांबणं हीच पहिली खूण असू शकते. हा विषाणू आहे, अँटिबायोटिकने जात नाही. प्राणवायू, दूध पोटात जात राहणं आणि लक्ष, एवढ्यावरच बहुतेक बाळं बरी होतात. अमेरिकेत २०२३ पासून गरोदर बाईसाठी लस आणि बाळासाठी निर्सेव्हिमॅबचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन मिळतं. तिकडे असलेल्या मुली-सुनांनी ते चुकवू नये.

न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची पीसीव्ही लस आता सरकारी लसीकरणात २०२१ पासून देशभर मोफत आहे: सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना. पूर्वी ही लस फक्त पैसेवाल्यांच्या लेकरांना मिळायची. मी ते दिवस पाहिले आहेत. आता एकही डोस चुकवू नका.

बाळाला कसं झोपवायचं? उताणं, कुशीवर की पालथं?

उताणं. प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलासुद्धा. कुशीवर ठेवलेलं बाळ कलंडून पालथं होतं, म्हणून कूसही नको.

इथे डॉक्टरांची एक मोठी चूक कबूल केली पाहिजे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. उलटी श्वासात जाणार नाही, झोप गाढ लागते, अशी कारणं दिली जात. गाढ झोप हाच तर धोका होता. नेदरलँड्समध्ये हा सल्ला रुजल्यावर असे मृत्यू वाढले, आणि १९८७ नंतर सल्ला उलटा केल्यावर घटले. न्यूझीलंडमधल्या १९८७ ते १९९० च्या मोठ्या अभ्यासाने पालथी झोप, धूम्रपान आणि अंगावर न पाजणं हे धोके ठळक केले. इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवरच्या निवेदिका ॲन डायमंड यांचं बाळ १९९१ च्या जुलैत असंच गेलं. त्यांनी सरकारला अक्षरशः हलवलं आणि त्याच वर्षाअखेर मोहीम सुरू झाली. अमेरिकेची मोहीम १९९४ ची. पुढच्या काही वर्षांत तिथले सिड्सचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कुठलं नवं औषध नाही, यंत्र नाही. बाळाला फक्त उलटं करायचं सोडून दिलं.

आपल्या आज्या बाळाला पाळण्यात उताणंच ठेवत आल्या. आता "डोकं चपटं होतं" म्हणून किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पालथं झोपवणं सुरू झालंय, ते थांबवा. पालथं ठेवायचंच तर बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून थोडा थोडा वेळ. बाळ आपणहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की रात्रभर उठून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. झोपवताना उताणं ठेवा, मग ते आपलं वळू दे.

उताणं झोपलं आणि उलटी झाली तर दूध श्वासनलिकेत जाईल ना?

ही भीती जवळजवळ प्रत्येक आजीला असते. आपल्या गळ्याला हात लावून बघा: श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर येते आणि अन्ननलिका खाली. उलटी जड, ती खालीच साचते आणि बाळ ती गिळून टाकतं. पालथं केलं की उलटं होतं. श्वासनलिका खाली येते आणि उलटी वाहत जाऊन तिच्याच तोंडाशी जमा होते.

दूध खरंच श्वासात जातं ते वेगळ्या वेळी. नाक दाबून, मान मागे टाकून बोंडल्याने किंवा चमच्याने ओततात तेव्हा. आडव्या बाळाच्या तोंडात बाटली टेकवून ठेवतात तेव्हा. रडत्या बाळाला गुटी पाजतात तेव्हा. बाळाला थोडं उभट धरा आणि त्याला आपलं आपण पिऊ द्या.

आम्ही सगळे एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर झोपतो. ते चुकीचं आहे का?

आईजवळ, त्याच खोलीत झोपणं चांगलंच आहे, निदान सहा महिने. सर्वांत सुरक्षित म्हणजे आईच्या हाताशी पण वेगळ्या, सपाट, कडक गादीवर. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बाईला "बाळाला वेगळा पलंग घ्या" असं सांगून मी मोकळी होऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड शहरात दक्षिण आशियाई आणि गोऱ्या कुटुंबांची तुलना झाली. आपल्याकडच्यासारखी आईजवळ झोपणारी बाळं तिथे जास्त, आणि तरी दक्षिण आशियाई बाळांत सिड्सचं प्रमाण कमी. त्या आया बहुधा सिगारेट-दारू घेत नव्हत्या, बाळाला सोफ्यावर घेऊन झोपत नव्हत्या. तेव्हा एकत्र झोपायचंच असेल तर अंथरूण जमिनीवर आणि घट्ट असू दे. बाळ आईच्या एका अंगाला ठेवा, दोन मोठ्यांच्या मधे नको आणि भिंतीच्या फटीतही नको. आईची गोधडी बाळाच्या अंगावर येऊ देऊ नका. बाळाजवळ झोपणाऱ्याने दारू, तंबाखू किंवा झोपेचं औषध घेतलेलं असेल तर त्या रात्री बाळ दुसरीकडे. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत डोळा लागणं सर्वांत घातक. दिवस न भरलेलं किंवा चार महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वेगळ्या अंथरुणाचा आग्रह मी सोडत नाही, मग ती जाड सतरंजीची घडी का असेना.

मोहरीची उशी, झोळी, कुंची?

वर्षापर्यंत कसलीच उशी नको, मोहरीचीही नाही. डोकं गोल होण्यासाठी झोपवताना मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवा. साडीच्या झोळीत बाळाचं शरीर वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि बारीक श्वासमार्ग दुमडतो. निजवायला झोळी ठीक, पण बाळ निजलं की काढून सपाट ठेवा. गाडीतल्या बाळखुर्चीचंही तेच. कुंची बाहेर नेताना घाला, झोपेत नको, कारण बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं. गरम होतंय का हे हातपाय चाचपून कळत नाही, ते बहुधा गारच असतात. मानेच्या मागे बोट घाला. घाम लागला तर एक थर कमी करा. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपताना काढून ठेवा. दृष्ट लागू नये म्हणूनच बांधलाय ना, मग पायाला बांधा.

दुपट्यात गुंडाळायचं असेल तर छातीशी सैल, आणि फक्त उताण्या बाळाला. बाळ वळायची खटपट करू लागलं, साधारण तीन-चार महिन्यांना, की गुंडाळणं बंद.

बाळंतिणीची शेगडी, धुरी, चूल, मिश्री?

ओवा-बाळंतशोपाची धुरी बाईच्या समाधानासाठी असेल, पण बंद खोलीत तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. बंद खोलीत पेटते निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो झोपेतच माणूस मारतो. शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीचा घ्या. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर तेवढा वेळ बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असू दे.

सिगारेट-विडीचा धूर, गरोदरपणातला आणि नंतरचा, हा सिड्सचा पालथ्या झोपेखालोखाल सर्वांत मोठा टाळण्याजोगा धोका आहे. आपल्या बायका विडी क्वचित ओढतात, पण मिश्री? ती धूर नसलेली म्हणून कुणी मोजतच नाही. मुंबईतल्या २००४ सालच्या अभ्यासात गरोदरपणी मिश्री-तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली, आणि दिवस आधी भरण्याचं प्रमाणही जास्त आढळलं. गरोदर बाईला रागावून मिश्री सुटत नाही. सासूने स्वतः सोडली की सून सोडते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

नाकात तेल, मध, खोकल्याचं औषध, चटके?

नाकात तेल घालू नका. ते फुप्फुसात उतरतं आणि तिथे बसलेलं तेल काढता येत नाही, त्याचाच न्यूमोनिया होतो. बाळाला मध चाटवू नका, जन्मल्याबरोबरही नाही आणि वर्षापर्यंतही नाही. मधातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दी-खोकल्याचं कुठलंही सिरप देऊ नये. गुंगी आणणारं तर नाहीच, कारण ती बाळाची जागच मारते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं भेसळीच्या कफ सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातली कितीतरी उपचारासाठी नागपूरला आणली होती. मागच्या वेळची उरलेली बाटली, शेजारणीच्या बाळाची बाटली, काहीही पाजू नका.

आणि चटके. मेळघाटात अजूनही पोट फुगलं, धाप लागली की तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. त्या आईबापांना मी निर्दय म्हणणार नाही. जवळचा दवाखाना डोंगरापलीकडे आणि बाळाचं पोट डोळ्यांसमोर उडतंय, अशा वेळी ती माणसं हाताशी असलेलं करतात. पण ते उडणारं पोट न्यूमोनियाचं असू शकतं. डाग दिल्याने बाळाला वेदना, जखम आणि हातून गेलेला एक दिवस एवढंच मिळतं. आशाताई नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा येते. पोट उडताना दिसलं की भूमकाआधी (म्हणजे गावातल्या वैदूआधी) तिला हाक मारा.

लस दिल्यानंतर चार दिवसांनी बाळ गेलं. लसीमुळेच ना?

लसीचे आठवडे सहावा, दहावा, चौदावा. सिड्सचं सर्वांत धोक्याचं वय दोन ते चार महिने. म्हणजे लस दिली नसती तरी काही मृत्यू याच आठवड्यांत आले असते. लस घेतलेल्या बाळांत सिड्स कमीच आढळतो. तरीही लसीनंतरच्या मृत्यूची चौकशी झालीच पाहिजे, त्यासाठी सरकारी समिती असते. आरोग्य केंद्राला कळवा आणि अहवाल मागा. तो तुमचा हक्क आहे.

अमेरिकेतल्या मुलीने बाळाच्या पायात नाडी आणि प्राणवायू मोजणारा मोजा घातलाय. आम्हीही घ्यावा का?

तो सिड्स टाळतो असं सिद्ध झालेलं नाही. पैसे जातात, आणि खोट्या घंटांनी आईची झोपही जाते. बाळंतपणाला तिकडे गेलेल्या आजींनी मात्र लेकीशी एका गोष्टीवर भांडू नये. रिकामा पाळणा, उशी नाही, पांघरूण नाही, बाळ उताणं: "किती कोरडं वाटतं" हे मला कळतं, पण लेकीचं बरोबर आहे.

बाळ निपचित दिसलं, श्वास घेत नाही. काय करायचं?

गदागदा हलवू नका. तळपायाला टिचक्या मारून हाक मारा. प्रतिसाद नसेल तर ओरडून कुणाला तरी १०८ लावायला सांगा आणि बाळाला कडक जागेवर उताणं ठेवा. दोन्ही हातांनी छाती वेढून, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, मधोमध हाडावर दोन्ही अंगठ्यांनी दाब द्या. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण चार सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. तीस दाब झाले की मान सरळ ठेवून बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या आणि छाती जेमतेम वर येईल एवढी हलकी फुंकर दोनदा मारा. पुन्हा तीस. मदत येईपर्यंत थांबू नका.

बाळ गेल्यावर पोलीस आणि पोस्टमॉर्टेम कशाला? आमच्यावर संशय आहे का?

कारण न कळलेल्या मृत्यूची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचनामा होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे ही नेहमीची पद्धत आहे, आरोप नव्हे. चिमुकल्या देहाची चिरफाड नको वाटणं स्वाभाविक आहे. तरी मी घरच्यांना शवविच्छेदनाला हो म्हणायला सांगते, कारण हृदयातला जन्मदोष किंवा न्यूमोनिया सापडला तर पुढच्या बाळाला त्याचा उपयोग होतो, आणि काहीच सापडलं नाही तर आईच्या माथ्यावरचा ठपका पुसला जातो.

"माझ्या अंगाखाली आलं का?"

हा प्रश्न एका बाईने मला तीन वर्षं, दर खेपेला विचारला. शेवटी तर ती फक्त तोच विचारायला यायची. तिचं बाळ वेगळ्या दुपट्यावर, हातभर अंतरावर होतं. तरी घरातल्या कुणीतरी पहिल्याच दिवशी ते वाक्य उच्चारलं आणि ते तिच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

शिकल्यासवरल्या देशांतही हे घडतं. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईची दोन बाळं लागोपाठ गेली. एका मोठ्या डॉक्टरने कोर्टात सांगितलं की असं दोनदा घडण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक, आणि १९९९ मध्ये तिला खुनाची शिक्षा झाली. हिशेबच चुकीचा होता. एका घरातले दोन मृत्यू म्हणजे दोनदा उडवलेलं नाणं नव्हे, आणि तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने तसा जाहीर आक्षेप घेतला. पुढे उघड झालं की दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग सापडल्याचा अहवाल बचाव पक्षाला दाखवलाच नव्हता. २००३ मध्ये ती सुटली. चार वर्षांनी ती वारली.

म्हणून बाळ गेलेल्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. आईला काय झालं ते विचारू नका, कसं झोपवलं होतंस ते विचारू नका. सटवाईने लिहिलेलं होतं, हेही सांगू नका. बाळाचं नाव घ्या. बापाजवळही बसा, त्याला कुणी विचारत नाही.

बाळ नाही, पण दूध येत राहतं. काय करू?

हे बाया बोलत नाहीत, म्हणून मीच आधी विचारते. आधार देणारी चोळी घाला, पण करकचून बांधू नका. गार पाण्याच्या घड्या ठेवा. ठणका असह्य झाला तर ताण जाईल एवढंच काढा, पूर्ण रिकामं करू नका, नाहीतर आणखी दाटेल. आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. ताप आला किंवा एक जागा लाल, कडक झाली तर दाखवा. दूध थांबवायची गोळी असते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन कुठल्याही वेळी, मराठीतही चालतो.

पुढच्या बाळालाही होईल का?

बहुतेक घरांत होत नाही. गरोदर राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आधीचं सगळं सांगा आणि शवविच्छेदनाचा कागद जवळ ठेवा. बाळ आलं की अंगावर पाजा. दोन महिने जरी पाजलं तरी सिड्सचा धोका साधारण निम्म्यावर येतो. पहिले सहा महिने तुम्ही रात्री तीनतीनदा उठून नाकासमोर बोट धरणार, मला ठाऊक आहे. धरा. त्यापेक्षा एक करा: दिवा लावा, झबलं वर घ्या आणि मिनिटभर मोजा. वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहा, आणि ती वही दर लसीच्या वेळी मला दाखवायला घेऊन या.